त्रेचाळिसाव्या वर्षी दारोदार

अ‍ॅमस्टेलव्हीनमधल्या आमच्या गल्लीत मला ओळखणारी माणसं दोन प्रकारची आहेत. काहीजण मला 'तिचा नवरा' म्हणून ओळखतात आणि बाकीचे 'तो चांदणीवाला' म्हणून. पहिल्या ओळखीत माझं काही कर्तृत्व नाही. दुसरी मात्र मी स्वतः मिळवली, एका संध्याकाळी, साधारण सव्वा तासात.

आम्ही इथे आलो ते बायकोच्या नोकरीपायी. माझ्या व्हिसाच्या कागदावर मी तिच्यावर अवलंबून आहे असं लिहिलेलं होतं. सरकारी कागदावर इतकी खरी गोष्ट मी त्याआधी वाचली नव्हती. सकाळी बायको ट्रॅम पकडून ऑफिसला जायची, मुलगी सायकलवरून शाळेत जायची आणि मी नोकरी शोधायला बसायचो. शोधण्यासारख्या नोकऱ्या अकरापर्यंत संपायच्या. मग मी कुकर लावायचो.

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. आम्ही मार्चमध्ये आलो, काही महिने ती भाषेच्या वर्गात बसली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तिला नेहमीच्या शाळेत घेतलं, ग्रूप आठमध्ये. ग्रूप आठ म्हणजे इथल्या प्राथमिक शाळेचं शेवटचं वर्ष. त्यानंतर पोरं आपापल्या माध्यमिक शाळेत पांगतात. म्हणजे मैत्रिणी जमवायला तिच्या हातात जेमतेम एक वर्ष होतं आणि त्यातले दोन महिने कोरडे गेले होते. ती घरी आली की मी रोज विचारायचो, "आज कुणाशी बोललीस?" ती म्हणायची, "टीचरशी." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "टीचरशी." एकदा म्हणाली, "आज टीचर अ‍ॅब्सेंट होती." मग मी विचारणं बंद केलं.

त्यात तिची उंची. डच लोक फार उंच असतात असं आपण ऐकून असतो. तिच्या वर्गातल्या मुलींपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नव्हती. माझी मुलगी सगळ्यांपेक्षा चांगली वीतभर वर निघायची. वर्गाच्या फोटोत तिला शिक्षिकेच्या शेजारी उभं केलं होतं. तो फोटो बघून माझ्या मावसभावाने विचारलं होतं, "तिथे एका वर्गाला दोन बाई असतात काय रे?"

तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती शाळेतून आली आणि दारात बूट काढता काढता, बुटाकडेच बघत म्हणाली, "सिंट मार्टेनला मी तिघींबरोबर जाणारे. त्यांनीच विचारलं." दुसरा बूट काढायला तिने इतका वेळ लावला की, त्यात काय अडकलंय ते बघायला मी खाली वाकलो. काही अडकलं नव्हतं. ती हसू लपवत होती.

सिंट मार्टेन अकरा नोव्हेंबरला असतो. पाच वाजताच अंधार पडलेला असतो. मुलं काठीला टांगलेले कागदी कंदील घेऊन घरोघर जातात, बेल वाजवतात, दार उघडलं की गाणं म्हणतात आणि घरवाले त्यांना खाऊ देतात. ज्यांना मुलं यायला हवी असतात ते खिडकीत दिवा लावून ठेवतात. ज्यांच्या खिडकीत अंधार, त्यांच्याकडे जायचं नाही. एवढंच. हे सगळं मला मुलीने सांगितलं, आणि त्यातलं शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं माझ्या लक्षात राहिलं.

"पण बाबा, एक प्रॉब्लेम आहे," ती म्हणाली. "ग्रूप आठने जावं की नाही यावर वर्गात भांडण झालं. अर्धे म्हणतात, ते बेबीजसाठी असतं. लाल टोपीवाली म्हणते, ठीक आहे, पण हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी आपण टू ओल्ड."

लाल टोपीवाली ही त्या तिघींची पुढारी. उरलेल्या दोघी बहुतेक वेळा तिच्या मागे उभ्या राहून मान हलवायच्या.

"मग अडचण काय?"

"मी ऑलरेडी टू ओल्ड दिसते." मग म्हणाली, "मी गुडघ्यात वाकून चालले तर कळेल?"

मी तिला चालून दाखवायला सांगितलं. तिने दाखवलं. कळत होतं.

यात वयाचा प्रश्न कुठे येतो, हेच खरं म्हणजे मला समजत नव्हतं. मी कोकणातला. आमच्या वाडीत गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी आरत्यांना निघतात. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, प्रत्येक गणपतीसमोर उभं राहून आरत्या म्हणायच्या आणि प्रत्येक घरी खिरापत खायची. म्हणजे दारोदार जाणं, गाणं म्हणणं आणि हात पुढे करणं हे सगळं त्यात आलं. फरक एवढाच की आमच्याकडे पुढे उभे असतात ते सत्तरीचे. ज्यांचे दात गेलेत ते शेंगदाणे खिशात टाकतात. पोरांना मागे ढकललेलं असतं आणि चार घरं झाली की, 'जा आता, झोपा' म्हणून हाकलतात. आमच्याकडे या कामाला वय कमी पडतं. वय जास्त झालं म्हणून कुणी घरी बसल्याचं मी ऐकलेलं नाही. पलीकडच्या घरातले आजोबा तर शेवटची दोन वर्षं खुर्चीतून यायचे. खुर्ची उचलणाऱ्यांना खिरापत दुप्पट.

या आरत्यांचे दोन नियम आहेत, आणि ते माझ्या हाडात आहेत. पहिला, एकही घर गाळायचं नाही. एका वर्षी आमच्या मंडळींनी पावसाला कंटाळून टोकाचं एक घर सोडलं, तर त्या घरातल्यांनी अकरा वर्षं आमच्याकडच्या लग्नात जेवण केलं नाही. यायचे, अक्षता टाकायचे, पाणीही न घेता जायचे. दुसरा नियम, आवाज पडला की मागच्याने उचलायचा. पुढचे दमले, विसरले, खोकायला लागले, तरी आरती खाली पडता कामा नये. कुणीतरी मागून झांज वाजवत ती उचलतोच. तो कोण, कुठला, असं कुणी विचारत नाही.

हे दोन नियम मी सामानात भरून आणले होते. झांजाही आणल्या होत्या. विमानतळावर त्यांची वेगळी तपासणी झाली.

मुलीला कंदील हवा होता. शाळेत लहान वर्गातली मुलं कंदील बनवतात, पण ग्रूप आठला कुणी बनवून देत नाही. बाकीच्या तिघी धाकट्या भावंडांचे जुने कंदील आणणार होत्या. मी म्हटलं, आपल्याकडे आहे की. दिवाळी नुकतीच झाली होती आणि मी स्वतः केलेला आकाशकंदील बाल्कनीत लटकत होता. बांबूच्या काड्या मिळाल्या नाहीत म्हणून बागकामाच्या दुकानातून टोमॅटोच्या रोपांना आधार देणाऱ्या काठ्या आणून केला होता. पाच कोनांची चांदणी, पतंगाचा केशरी कागद, खाली हिरव्या झिरमिळ्या. रुंदी जवळपास एक मीटर. दुकानातल्या काठ्या तेवढ्याच लांबीच्या होत्या आणि त्या कापायचं माझ्या मनात आलं नाही.

मुलीने आकाशकंदिलाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या छोट्या मुलाकडून ती एक कागदी साळिंदर मागून घेऊन आली. साळिंदराच्या पोटात बारका दिवा होता आणि ते तिच्या ओंजळीत मावत होतं.

"मग ही चांदणी वाया जाणार," मी म्हटलं.

"जाऊ दे," बायको म्हणाली.

पण इतकी चांगली वस्तू वाया घालवायची मला सवय नाही. मी ती खराट्याच्या दांड्याला बांधून ठेवली. म्हटलं, असू दे हाताशी.

अकरा तारखेला तिघी आमच्या दारात आल्या. त्या एकट्या फिरल्या तरी चालणार होतं, पण मुलगी नवीन म्हणून बायकोने मला बरोबर जायला सांगितलं. सूचना लांबलचक होत्या.

"वीस पावलं मागे राहायचं. कुणाशी बोलायचं नाही. गायचं नाही. कोपऱ्यावरच्या दिव्याखाली उभं राहायचं आणि फोन बघतोयस असं दाखवायचं."

"खरंच फोन बघितला तर?"

"तर उत्तम. आणि ती चांदणी कशाला घेतलीस?"

"अंधारात मुली मला शोधू शकतील."

"तुला सगळं अ‍ॅमस्टेलव्हीन शोधू शकेल," बायको म्हणाली आणि तिची मीटिंग सुरू झाली. खिशातल्या झांजांचा विषय निघाला नाही.

पहिलं घर. खिडकीत मेणबत्ती. मुलींनी बेल वाजवली. दार उघडलं, आत एप्रन बांधलेला एक गृहस्थ. मुलींनी गाणं सुरू केलं. गाणं म्हणजे दोनच ओळी. त्याही चौघींनी जमिनीकडे बघत, एकमेकींच्या मागे लपत, पुटपुटल्या. गृहस्थाने ऐकून घेतलं आणि विचारलं, कितवीत आहात? ग्रूप आठ, लाल टोपीवाली म्हणाली. "मग जरा मोठ्या झालात की तुम्ही," तो म्हणाला आणि प्रत्येकीच्या पिशवीत एकेक गोळी टाकली. आकडे आणि 'मोठं' हा शब्द एवढं डच मला येत होतं, त्यामुळे वीस पावलांवरून मला सगळं कळलं.

दुसरं घर. इथे एक बाई, हातात गच्च भरलेलं पातेलं. गाणं आणखी हळू. बाई हसल्या, तिघींच्या पिशव्यांत मूठमूठ खाऊ टाकला आणि माझ्या मुलीकडे मान वर करून म्हणाल्या, "आणि तू यांना सांभाळायला आलीस होय? किती छान." त्यांचे शब्द मला नंतर कळले. दार बंद झालं. तिला कौतुक मिळालं, खाऊ मिळाला नाही.

चौघी फाटकापाशी थांबल्या. लाल टोपीवाली काहीतरी कुजबुजली. दुष्टपणे नव्हे, कामाचं बोलल्यासारखी. तिसऱ्या घरापाशी तिघी दाराकडे गेल्या आणि माझी मुलगी मागे राहिली, कचऱ्याच्या हिरव्या डब्याशेजारी. साळिंदर तिने पाठीमागे धरलं होतं. त्याचा उजेड तिच्या कोटावर पाठीमागून पडत होता आणि ते तिला माहीत नव्हतं.

इथे मी मुलीसाठी काही केलं असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण खरं सांगायचं तर मी त्या क्षणी फक्त गाणं ऐकत होतो. बेल वाजली, दार उघडलं, तिघींनी सुरुवात केली आणि पहिल्याच शब्दाला आवाज पडला. आरती खाली पडत होती. माझा हात खिशात गेला.

पुढचं सगळं हाडातल्या नियमाने झालं. मी वीस पावलं चालत गेलो, चांदणी डाव्या खांद्यावर टेकवली, झांज वाजवली आणि ते गाणं उचललं. दोन्ही ओळी मला पाठ होत्या, कारण मुलगी आठवडाभर न्हाणीघरात म्हणत होती. चाल मात्र तिच्याकडून घ्यायची राहून गेली होती. मी त्या आमच्या आरतीच्या चालीवर म्हटल्या, ठाय लयीत सुरू करून शेवटी जलद. दोनच ओळी असल्याने पाच वेळा घ्याव्या लागल्या.

दारात एक तरुण जोडपं होतं आणि त्यांच्या पायांत एक कुत्रा. तिसऱ्या आवर्तनाला कुत्रा आत गेला. जोडपं थांबलं. संपल्यावर त्यातल्या तरुणाने काहीही न विचारता वाडगा पुढे केला आणि तिघींना म्हटलं, घ्या, घ्या. त्याची नजर चांदणीवर होती. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सवयीने डाव्या हातावर उजवा हात ठेवून ओंजळ पुढे केली, तीर्थाला करतात तशी. त्याने क्षणभर विचार करून तीत एक संत्रं ठेवलं. मी ते कपाळाला लावलं.

मागे वळलो तर मुलगी कचऱ्याच्या डब्यापाशीच होती.

"बाबा. घरी जा."

मराठीत म्हणाली, म्हणजे फक्त मला कळावं म्हणून. पण तिघींनाही कळलं. मी घरी गेलो.

बायको लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "इतक्यात?"

"तीन घरं झाली."

"ते हातात काय आहे?"

"संत्रं."

तिने लॅपटॉप मिटला. "तू गायलास."

"आवाज पडला होता."

"अरे, तिला कुणीतरी पहिल्यांदा खेळायला बोलावलं होतं," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मी संत्रं टेबलावर ठेवलं आणि चांदणी दाराच्या मागे उभी केली. सोलावं की नाही ते ठरत नव्हतं. दोन महिने ती पोर वर्गात फक्त शिक्षिकेशी बोलत होती. आता बहुधा शिक्षिकेशीसुद्धा बोलणार नाही, असा माझा हिशोब झाला.

दहा मिनिटांत बेल वाजली. आमच्या खिडकीत बायकोने पणती लावलेली होती, म्हणून मी वाडग्यातली बिस्किटं घेऊन दार उघडलं. बाहेर चौघी उभ्या होत्या. तिघी पुढे, माझी मुलगी मागे, साळिंदराच्या नाकाकडे बघत.

लाल टोपीवाली इंग्रजीत बोलली. तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं : तुम्ही गेल्यावर आम्ही आणखी दोन घरी गेलो. दोन्हीकडे वय विचारलं. एका घरी तर शाळेचं नावही विचारलं. तुम्ही होतात तेव्हा कुणी काही विचारलं नाही.

"असं?" मी म्हटलं.

"सगळे तुमच्याकडेच बघत होते," ती म्हणाली. "तुमच्या शेजारी आम्ही लहान दिसतो." मग मागे वळून तिने माझ्या मुलीकडे बोट दाखवलं. "ही पण."

माझ्या आयुष्यातली ही पहिली मुलाखत होती जिच्यात मला अनुभवावरून घेतलं.

अटी तिथेच दारात ठरल्या. चांदणी हवीच. झांज चालेल, पण एका घरी दोनदाच. गाणं दोन ओळींचं, एकदाच, पाच वेळा नाही. ओंजळ करायची नाही. कपाळाला काही लावायचं नाही. शेवटच्या दोन अटी मुलीने घातल्या, डचमध्ये, आणि लाल टोपीवालीने इंग्रजीत मला कळवल्या. माझी स्वतःची मुलगी माझ्याशी दुभाष्यामार्फत बोलत होती.

"हो म्हण," आतून बायको म्हणाली.

मग आम्ही निघालो. मी पुढे, मागे चौघी. हिवाळ्यातल्या त्या गल्लीत एक मीटर रुंद चांदणी घेऊन फाटकांतून आत शिरणं सोपं नव्हतं. मी आडवा होऊन खेकड्यासारखा जायचो, एका घरी कुंडीतलं झाड चांदणीत अडकलं आणि कुंडीसकट दोन पावलं आमच्याबरोबर आलं. पण हिशोब बरोबर होता. दार उघडायचं, घरवाल्यांची नजर पहिल्यांदा चांदणीवर जायची, मग माझ्यावर, मग माझ्या दाढीवर. तिथेच ती थांबायची. तेवढ्यात चौघींचं गाणं होऊन पिशव्या भरलेल्या असायच्या. चौथ्या-पाचव्या घरानंतर त्यांचा आवाजही मोकळा झाला. माझी मुलगी सरळ उभी राहून गायला लागली होती. गुडघे वाकवल्याशिवाय.

एका घरी मात्र बाईंनी मला स्पष्टच विचारलं, "तुमचं वय किती?"

"त्रेचाळीस."

"बरं," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन नवऱ्याला बोलावून आणलं. त्याने बघितलं, मान डोलावली आणि मला एक काळी गोळी दिली. ती खारट निघाली. हे लोक मीठ घातलेलं ज्येष्ठमध आवडीने खातात. मी ओंजळ केलेली नव्हती, पण तोंड बंद ठेवण्याची अट कुणी घातली नव्हती. तोंडात टाकून बसलो. पुढची दोन घरं मी नुसती झांज वाजवली.

गल्लीच्या टोकाला एक घर होतं, खिडकीत अंधार असलेलं. मुली त्याच्यावरून पुढे गेल्या. मला पुढे जाता येईना. पाय उचलेचना. टोकाचं घर गाळलं की काय होतं ते मी अकरा वर्षं पाहिलेलं होतं. मी फाटक ढकललं.

"बाबा, नो. तिथे कॅन्डल नाहीये," मुलगी म्हणाली. रागात का होईना, त्या संध्याकाळी ती पुन्हा थेट माझ्याशी बोलली.

"म्हणूनच. त्यांना वाईट वाटेल."

"त्यांना नको आहे म्हणून लावली नाहीये."

तोवर मी बेल वाजवली होती. बऱ्याच वेळाने एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दार उघडलं. अंगात लोकरीचा गाऊन, गळ्यात रुमाल, हातात सूपचा चमचा. आम्ही त्यांना जेवणावरून उठवलं होतं. त्यांनी चांदणी पाहिली, मला पाहिलं, चौघींना पाहिलं. आता सुरुवात केलीच होती तर गाणं म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आम्ही म्हटलं. चौघीही म्हणाल्या, माझी मुलगी सगळ्यांत मोठ्याने, बहुधा लवकर संपावं म्हणून.

आजोबांनी शांतपणे ऐकलं. मग लाल टोपीवालीला काहीतरी विचारलं. तिने माझ्याकडे बघून उत्तर दिलं.

"काय म्हणाले?" मी मुलीला विचारलं.

"विचारलं, तुमच्यात सगळ्यांत लहान कोण. हिने सांगितलं, तू."

आजोबा आत गेले. स्वयंपाकघरातली कपाटं उघडण्या-मिटण्याचे आवाज आले. बराच वेळ गेला. घरात गोड काही नव्हतं हे उघड होतं, आणि तो माणूस नाही म्हणायला तयार नव्हता, हेही. शेवटी ते एक मोठी काचेची बरणी घेऊन आले. सफरचंदाचा गोड लगदा. इथे तो जेवणात भाजीच्या बाजूला वाढतात. पाच जणांत एक बरणी. त्यांनी ती माझ्याकडे दिली, जड होती म्हणून दोन्ही हातांनी. ती घ्यायला मला चांदणी मुलीच्या हातात द्यावी लागली.

परत येताना चांदणी तिच्याच हातात होती. एवढी रुंद वस्तू वाऱ्यात धरायला उंच माणूस लागतो, हे लाल टोपीवालीने मान्य केलं. साळिंदर मी खिशात ठेवलं, झांजांबरोबर.

त्या रात्री चौघी आमच्या बैठकीत जमिनीवर बसून वाटण्या करत होत्या. बरणीचं काय करायचं यावर बरीच चर्चा झाली. शेवटी बायकोने पाच चमचे आणले. मुलगी माझ्याशी फार काही बोलली नाही. 'थँक्यू' तर नाहीच. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आल्यावर मी सवय मोडून विचारलं, "आज कुणाशी बोललीस?"

"चौघांशी," ती म्हणाली. मग, "टीचर धरून."

दारामागची चांदणी माळ्यावर टाकायला मी काढली तर ती म्हणाली, "राहू दे तिथे." वर्षभर ती तिथे राहिली. दार पूर्ण उघडायचं नाही. पाहुण्यांना आम्ही आडवं होऊन आत यायला सांगायचो.

पुढच्या वर्षी त्या चौघी तीन वेगवेगळ्या माध्यमिक शाळांत गेल्या. मी भीत होतो तेच झालं. उन्हाळ्यात रोज वाजणारा मुलीचा फोन सप्टेंबरमध्ये दिवसाआड वाजायला लागला आणि ऑक्टोबरमध्ये वाजेनासा झाला. नवीन शाळेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मला तोवर बाडहूव्हडॉर्पमध्ये एका मालवाहतुकीच्या गोदामात काम मिळालं होतं. मी दुपारी घरी नसायचो, तेव्हा विचारायचा प्रश्नही संपला. ती जेवताना आपणहून सांगायची, "आज काही नाही."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती जेवणाच्या टेबलावर फोन घेऊन आली. आमच्याकडे जेवताना फोन आणायचा नाही असा नियम आहे, म्हणून बायको काही बोलणार, तेवढ्यात तिने तो माझ्यासमोर ठेवला. लाल टोपीवालीचा निरोप होता. मुलीने तो मला मराठीत वाचून दाखवला.

"ती विचारते, अकरा तारखेला तुझे बाबा मोकळे आहेत का."

"आणि तू?"

"मला नाही विचारलं. तू असलास तर आम्ही सगळ्या आहोतच ना."

"तुम्ही आता माध्यमिक शाळेत. कायदेशीरपणे तर पार टू ओल्ड."

"म्हणूनच तर," ती म्हणाली. तिने फोन उचलला, पण गेली नाही. "बाबा, तू हो म्हणणार आहेस ना? नाहीतर त्या जमणार नाहीत."

मी गोदामात त्या दिवसाची सुट्टी मागितली. वरिष्ठांनी कारण विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वदवून घेतलं आणि अर्ज मंजूर केला.

अकरा तारखेला आम्ही निघालो. लाल टोपीवालीची टोपी आता निळी होती आणि ती स्वतः वर्षभरात माझ्या मुलीच्या खांद्यावरून कानापर्यंत आली होती. चौघीही माझ्या आसपासच्या उंचीच्या दिसत होत्या, त्यामुळे मी टाचा उंच करून चालत होतो. माझ्या मुलीने ते पाहिलं आणि म्हणाली, "कळतंय, बाबा."

दुसऱ्या घरी त्याच बाई, तेच गच्च भरलेलं पातेलं. त्यांनी चांदणी ओळखली, मला ओळखलं. मुलींचं गाणं झालं, पिशव्यांत खाऊ पडला. मग बाई माझ्या मुलीकडे वळल्या, गेल्या वर्षीसारखीच मान वर करून, आणि माझ्याकडे बोट रोखून काहीतरी विचारलं. एव्हाना मला एवढं डच येत होतं. यांचं वय जरा जास्त नाही का झालं, असं त्या विचारत होत्या.

"नाही," माझी मुलगी म्हणाली. "त्याने गेल्याच वर्षी सुरू केलंय."

बाईंनी यावर विचार केला. मग पातेल्यातून एक मूठ भरली आणि माझ्यासमोर धरली. माझ्या एका हातात खराट्याचा दांडा होता, दुसऱ्यात झांज. ओंजळ करायला बंदी होतीच.

"त्याचं माझ्याकडे द्या," मुलगी म्हणाली आणि तिने आपली पिशवी उघडली.